औषध मानवलं नाही, तर कळवायचं कुठे आणि कसं?

गेल्या उन्हाळ्यात एक ताई त्यांच्या आईला घेऊन आमच्या मेडिकलवर आल्या. आजींच्या खालच्या ओठावर काळपट-जांभळा डाग होता, आणि तसाच एक रुपयाएवढा डाव्या हाताच्या मागच्या बाजूला. "उष्णता झालीय, एखादं मलम द्या," ताई म्हणाल्या. मी आजींना विचारलं, असा डाग आधी कधी आला होता का? "दरवेळी इथंच येतो रे बाबा. दिवाळीत आला होता, त्याच्या आधी जत्रेच्या वेळी." दिवाळी, जत्रा आणि आता भाचीचं लग्न. तिन्ही वेळा बाहेरच्या जेवणानं पोट बिघडलेलं, आणि तिन्ही वेळा घरच्या डब्यातली एकच जुलाबाची गोळी घेतलेली. ऑफ्लॉक्सॅसिन आणि ऑर्निडॅझोल एकत्र असलेली.

त्वचेच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी निदान केलं ते औषधाच्या रिअॅक्शनचं. याला फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतात. त्याची खूण अशी की, तेच औषध पुन्हा पोटात गेलं की डाग नेमका जुन्याच जागी उमटतो, आणि बऱ्याचदा नवे डागही पडतात. वर्षभरात तीन वेळा हे झालं आणि एकदाही कुठे नोंद झाली नाही. मी स्वतः कित्येक वर्षं काउंटरवर "गोळी गरम पडली", "औषध मानवलं नाही", "अंगावर पित्त उठलं" हे रोज ऐकायचो आणि दुसरी गोळी काढून द्यायचो. ते चुकीचं होतं. या प्रत्येक वाक्यात एक रिपोर्ट असतो, तो कसा करायचा ते इथे नीट मांडतो.

एवढ्याशा तक्रारीनं काय होणार?

नवं औषध बाजारात येण्याआधी साधारण काही हजार माणसांवर तपासलेलं असतं. दहा हजारांत एकाला होणारा त्रास त्या तपासणीत दिसेलच असं नाही. तो दिसतो औषध लाखो घरांत पोचल्यावर, आणि तेव्हा तो पाहणारे तुम्ही-आम्हीच असतो.

अमेरिकेत १९९८ मध्ये बाळांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसवरची रोटाशील्ड नावाची लस आली. पुढच्या जुलैपर्यंत तिथल्या नोंद यंत्रणेकडे लस घेतलेल्या बाळांचं आतडं आतड्यात अडकल्याच्या १५ नोंदी आल्या. फक्त पंधरा. तेवढ्यावरून लसीकरण थांबवलं गेलं, तपास झाला आणि ऑक्टोबर १९९९ मध्ये लस बाजारातून काढून घेतली. नंतर आलेल्या रोटाव्हायरस लसी याच धोक्यासाठी मुद्दाम फार मोठ्या संख्येनं तपासल्या गेल्या.

आपल्याकडचं उदाहरण घरोघरी माहीत असलेल्या औषधाचं आहे. पाळीच्या दुखण्यावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक अॅसिडबद्दल नोव्हेंबर २०२३ मध्ये देशभर सावधगिरीची सूचना निघाली. या गोळीनं क्वचित ड्रेस सिंड्रोम नावाची गंभीर रिअॅक्शन येऊ शकते. अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं आणि आतल्या अवयवांना इजा, आणि हे सगळं गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांनी. ही सूचना आपल्याच देशातून आलेल्या नोंदी तपासून काढली होती.

ती काढणाऱ्या यंत्रणेचं नाव फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया, म्हणजे पीव्हीपीआय. २०१० मध्ये ती सुरू झाली. २०११ पासून तिचं राष्ट्रीय केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये, म्हणजे आयपीसीमध्ये आहे. इथल्या नोंदी स्वीडनमधल्या उप्साला केंद्राच्या जागतिक साठ्यात जातात. सांगलीच्या आजींचा ओठ आणि ब्राझीलमधल्या एखाद्याचा ओठ तिथे शेजारी शेजारी ठेवून पाहता येतो.

आधी माणूस, मग फॉर्म

श्वास लागणं, ओठ-जीभ-घसा सुजणं, चक्कर येऊन कोसळणं, फिट येणं, अंगावर फोड येऊन कातडी सुटणं, तोंडात-डोळ्यांत जखमा होणं, डोळे पिवळे होणं, लघवी बंद होणं, रक्ताची उलटी किंवा काळी शी. यातलं काहीही झालं तर फॉर्मचा विचार सोडा आणि तडक दवाखाना गाठा, किंवा १०८ ला फोन करा. जाताना औषधाची पट्टी किंवा बाटली पिशवीत टाका. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना "ती पांढरी गोल गोळी" यावरून काहीच कळत नाही.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. शंका आली म्हणून कायमची औषधं मनानं बंद करू नका. फिटची गोळी, स्टेरॉइड, रक्त पातळ ठेवणारी गोळी, काही बीपीच्या गोळ्या एकदम तोडल्या तर मूळ त्रासापेक्षा मोठं संकट ओढवतं. त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. टीबीच्या औषधांचं पाहा. रिफॅम्पिसिननं लघवी नारिंगी होते, ते अपेक्षित आहे, घाबरायचं कारण नाही. पण डोळे पिवळे दिसायला लागले, जेवण नकोसं झालं, उलट्या होऊ लागल्या, तर त्याच दिवशी केंद्रावर जायलाच हवं. पुढचा डोस घ्यायचा की थांबवायचा, हे तिथले डॉक्टर ठरवतात. नारिंगी लघवी पाहून कोर्स सोडलेले पेशंट मी पाहिलेत, आणि पिवळे डोळे अंगावर काढणारेही.

पट्टी कापताना काय हरवतं

रिपोर्टला सगळ्यात जास्त मार बसतो तो इथे. गोळ्यांच्या पट्टीच्या एका टोकाला बॅच नंबर, तयार केल्याची तारीख आणि एक्सपायरी ठसवलेली असते. गिऱ्हाईक म्हणतं, "चारच द्या." कात्री चालते आणि ठसा कधी एका तुकड्यावर राहतो, कधी दुसऱ्यावर. घरी गेलेल्या तुकड्यावर बरेचदा अर्धं नाव आणि फॉइल एवढंच उरतं. म्हणून दोन सवयी लावून घ्या. पट्टी कापून घेतली तर दुकानातच ठसा असलेल्या टोकाचा फोटो मोबाइलमध्ये काढा. कुठलाही शहाणा दुकानदार नाही म्हणणार नाही. आणि पक्कं बिल मागा. औषधांच्या बिलावर बॅच नंबर छापलेला असतो, त्यामुळे पट्टी हरवली तरी धागा हाती राहतो. घरी पट्टी वापरताना ठशाच्या बाजूच्या गोळ्या शेवटी घ्या.

बाटलीतलं औषध उरलं असेल तर ओतून देऊ नका. इंजेक्शन दवाखान्यात घेतलं असेल तर नाव कागदावर लिहून मागा. तो तुमचा हक्क आहे.

तारखा

रिपोर्ट तपासणारा माणूस सगळ्यात आधी क्रम पाहतो. औषध आधी की त्रास आधी? किती तासांनी, किती दिवसांनी? थांबवल्यावर कमी झाला का? पुन्हा घेतल्यावर पुन्हा आला का? (मुद्दाम घेऊन पाहू नका. आधी नकळत झालं असेल तरच सांगा.) म्हणून एका कागदावर औषध कधी सुरू केलं, दिवसातून किती, कशासाठी, त्रास कधी सुरू झाला, औषध कधी थांबवलं, त्रास कधी गेला हे लिहून काढा. तारीख आठवत नसेल तर सणाचा, बाजाराचा, परीक्षेचा आधार घ्या. आजींच्या तीनही वेळा आम्हाला तशाच सापडल्या.

त्रासाचं वर्णन साध्या शब्दांत, डोळ्यांना दिसलं तसं करा. आपल्याकडे "पित्त" म्हणजे अंगावरच्या गांधीही आणि छातीतली जळजळही. दोन्ही रिअॅक्शन पूर्ण वेगळ्या आहेत. "पित्त झालं" असं लिहू नका. "गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात पोटावर आणि मांड्यांवर लाल, उंच, खाजणाऱ्या गांधी उठल्या, चार तासांनी बसल्या" असं लिहा. "उष्णता", "गरमी", "अशक्तपणा" या शब्दांचंही तसंच. कातडीवरचं काही असेल तर उजेडात फोटो काढून ठेवा, दोन दिवसांनी डाग फिका झालेला असू शकतो.

सोबत काय काय घेत होता, ते सगळं सांगा. यात लोक हमखास हातचं राखतात. काढा, गुळवेल, वजन कमी करण्याची पावडर, जिममधलं प्रोटीन, गुडघ्यासाठी कुणीतरी दिलेली पुडी, शेजाऱ्यांकडची पेनकिलर, गर्भनिरोधक गोळी. दोष कशाचा, ते ओळखायला हेच लागतं. पेशंटसाठीच्या फॉर्मवर औषध कुणी सुचवलं हा प्रश्न आहे आणि त्यात "स्वतःहून घेतलं" हाही पर्याय आहे. खुशाल तो निवडा, कुणी रागावणार नाही.

ओळखू न येणारे दुष्परिणाम

डाग दिसतो, म्हणून कळतो. जे दुष्परिणाम आजारासारखेच दिसतात ते वर्षानुवर्षं निसटतात. एनालाप्रिल, रॅमिप्रिल या बीपीच्या गोळ्यांनी काही जणांना कोरडा खोकला लागतो, कधी कधी गोळी सुरू केल्यावर कित्येक आठवड्यांनी. मग खोकल्याची बाटली येते, मग दुसरी, मग छातीचा एक्स-रे. अॅम्लोडिपिननं पावलं सुजतात, तर सूज उतरवायला लघवीची गोळी सुरू होते, आणि लघवीच्या गोळीनं क्षार कमी होऊन पायात गोळे येतात. एका औषधाच्या त्रासावर दुसरं औषध, अशी साखळी मी वयस्कर पेशंटच्या चिठ्ठ्यांमध्ये पुन्हा पुन्हा पाहतो. नवा त्रास सुरू झाला की गेल्या दोन-तीन महिन्यांत कोणती गोळी नव्यानं लागली, हे आधी तपासा आणि डॉक्टरांना तेच विचारा: "हे या गोळीमुळे असेल का?"

माहीत असलेले, औषधासोबतच्या माहितीपत्रकावर छापलेले दुष्परिणामही कळवता येतात. नवं औषध असेल, किंवा पेशंट लहान मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस असेल, तर किरकोळ वाटलं तरी कळवाच.

आता प्रत्यक्ष कळवायचं

सगळ्यात सोपी वाट फोनची. १८००-१८०-३०२४ हा पीव्हीपीआयचा मोफत क्रमांक, कामाच्या दिवशी सकाळी ९ ते संध्याकाळी ५.३० पर्यंत. वर लिहिलेला तारखांचा कागद आणि पट्टी समोर घेऊन बसा, मग फोन लावा.

लिहून द्यायचं असेल तर सामान्य माणसासाठी वेगळा फॉर्म आहे, आणि तो मराठीतही मिळतो. आयपीसीच्या संकेतस्थळावर तो सापडतो. भरून pvpi.ipc@gov.in या पत्त्यावर ईमेल करा किंवा जवळच्या नोंद केंद्रात नेऊन द्या. मोबाइलवर 'एडीआर पीव्हीपीआय' नावाचं अॅप आहे (एडीआर म्हणजे औषधाची रिअॅक्शन), आणि संकेतस्थळावर एडीआरएमएस या प्रणालीत थेट ऑनलाइनही भरता येतं. फोटो असतील तर लिहून पाठवणं बरं.

नोंद केंद्रं म्हणजे बहुतेक मोठी सरकारी आणि खासगी मेडिकल कॉलेजं. काम तिथला औषधशास्त्र विभाग, म्हणजे फार्माकॉलॉजी, पाहतो. मुंबईत केईएममध्ये असं केंद्र आहे. तुमच्या जिल्ह्याच्या मेडिकल कॉलेजात जाऊन "एडीआर सेंटर कुठे?" असं विचारा. केसपेपरच्या खिडकीवर माहीत नसेल तर फार्माकॉलॉजी विभाग विचारा.

डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट यांच्यासाठी वेगळा, जास्त तपशिलाचा फॉर्म आहे. शक्य असेल तर डॉक्टरांकडूनच भरून घ्या, कारण त्यात रक्ताचे रिपोर्ट आणि निदान येतं. पण डॉक्टर "असं होतंच" म्हणून टाळत असतील तर थांबू नका, तुमचा स्वतःचा रिपोर्ट तितकाच चालतो.

फॉर्मवर पूर्ण नाव लागत नाही, पेशंटच्या नावाची आद्याक्षरं पुरतात. वय, काय झालं, कधी सुरू झालं, संशयित औषध कोणतं आणि कळवणारा कोण, एवढं तरी हवंच. बाकी रकाने रिकामे राहिले तरी पाठवा. नोंद गुप्त राहते. आणि सगळ्यात मोलाचं असं की, औषधामुळेच झालं हे तुम्ही सिद्ध करायचं नाही. डॉक्टरांसाठीच्या फॉर्मच्या तर नावातच "संशयित" आहे. रिपोर्ट केला म्हणजे डॉक्टरवर किंवा दुकानदारावर आरोप केला असंही होत नाही. ही भीती लोकांच्या मनात फार आहे, विशेषतः गावात, जिथे डॉक्टर एकच असतो आणि उद्या पुन्हा त्याच्याच दारात जायचं असतं.

आयुर्वेदिक, युनानी, होमिओपॅथीच्या औषधांचीही अशीच नोंद होते. त्यासाठी आयुष मंत्रालयाची वेगळी यंत्रणा असून तिचं राष्ट्रीय केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. "झाडपाल्याचा अपाय नसतो" हे वाक्य मी आता ऐकून घेत नाही.

बाळाची लस

लसीचा रस्ता थोडा वेगळा आहे. लसीनंतर घडलेली कुठलीही अनिष्ट घटना, मग ती लसीमुळे असो वा नसो, "लसीकरणानंतरची प्रतिकूल घटना" म्हणून नोंदवायची असते. आरोग्य विभागात तिला एईएफआय म्हणतात.

आधी नेहमीचं काय ते. पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीनंतर एक-दोन दिवस ताप, मांडीला लाली आणि सूज, किरकिर. गोवर-रुबेलानंतर साधारण आठवडा ते बारा दिवसांनी हलका ताप आणि पुरळ. बीसीजीनंतर काही आठवड्यांनी डाव्या दंडावर गाठ, ती फुटते, खपली धरते, वण राहतो. त्या जखमेवर काही लावायचं नसतं. हळद नाही, पावडर नाही. तापाला पॅरासिटामॉल किती द्यायचं ते सिस्टरना बाळाच्या वजनावरून विचारून घ्या. आणि लस घेतल्यावर अर्धा तास केंद्रावरच बसा. तीव्र अॅलर्जी बहुतेक त्याच वेळात उठते, आणि तिच्यावरचं अॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन तिथे हाताशी असतं.

तीन तासांहून जास्त न थांबणारं रडणं, फिट, बाळ एकदम ढिलं पडणं, श्वासाला त्रास, टोचलेल्या जागी पू, खूप ताप, दवाखान्यात भरती करावं लागणं, यातलं काहीही दिसलं तर उपचार घेता घेताच आशाताई, सिस्टर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा. शहरात महापालिकेचा दवाखाना. लस खासगी बालरोगतज्ज्ञांकडे घेतली असली तरी नोंद सरकारकडेच व्हायची असते, त्यांना तसं आठवण करून द्या. गंभीर घटनेची माहिती २४ तासांत पुढे जिल्ह्याला जावी लागते. मग जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय पातळीवरच्या समित्या ती तपासतात. लसीचा स्वभाव, लसीतला दोष, टोचण्यातली चूक, सुईच्या धास्तीनं आलेली चक्कर, की निव्वळ योगायोग, असे त्यांचे निष्कर्षाचे प्रकार आहेत. लसीसाठीही १८००-१८०-३०२४ वर सांगता येतं.

हातात हवं ते माता व बाल संरक्षण कार्ड. कोणती लस, कोणत्या तारखेला, कुठे, हे त्यावर असतं. बॅच केंद्राच्या नोंदीत मिळते, आणि बरेच खासगी डॉक्टर कुपीचा स्टिकरच फायलीत चिकटवतात.

आणि पुढचा डोस? तो परस्पर टाळू नका. झालेला त्रास सांगून विचारा. बहुतेक वेळा द्यायचाच असतो, क्वचित नसतो, आणि ते डॉक्टरांनाच ठरवता येतं.

औषधच बिघडलेलं वाटलं तर

गोळ्या फुटलेल्या, रंग बदललेला, सिरपमध्ये गाळ, ठसा खोडलेला, किंवा नेहमीची गोळी घेऊनही अचानक गुण येईनासा झाला, तर प्रश्न दर्जाचा आहे. तो अन्न व औषध प्रशासनाकडे न्यायचा. महाराष्ट्रात त्यांचा मोफत क्रमांक १८००-२२२-३६५. माल परत करून पैसे घेऊ नका. बाटली-पट्टी आहे तशी ठेवा, कारण तपासणी तिचीच होते.

जे. जे. रुग्णालयात १९८६ च्या सुरुवातीला ग्लिसरॉलमध्ये मिसळलेल्या डायएथिलीन ग्लायकॉलनं १४ पेशंट गेले आणि त्यावर लेंटिन आयोग बसला. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तेच विष पुन्हा आलं. छिंदवाडा जिल्ह्यात कोल्ड्रिफ नावाचं खोकल्याचं सिरप घेतलेल्या लहानग्यांची लघवी बंद झाली, मूत्रपिंडं निकामी झाली. त्यांतल्या कित्येकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. सिरपमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं. अशा वेळी घरात उरलेली अर्धी बाटली म्हणजे दुसऱ्या कुणाच्या लेकराचा जीव असतो.

पाठवल्यानंतर

केंद्रातून फोन येऊ शकतो, एखादी तारीख किंवा रिपोर्ट मागण्यासाठी. तो उचला. "या औषधामुळेच झालं" असा निकाल किंवा भरपाई मात्र या वाटेनं मिळत नाही, तो तिचा उद्देशच नाही. नोंद इतर नोंदींशी ताडली जाते आणि नमुना दिसला तर सूचना निघते किंवा पत्रकात बदल होतो.

परदेशी राहणाऱ्यांसाठी एक. तिकडे घेतलेल्या औषधाची नोंद तिकडच्या यंत्रणेत करा, ब्रिटनमध्ये यलो कार्ड, अमेरिकेत मेडवॉच. सुटीहून परतताना बॅगेत नेलेली इथली गोळी असेल तर पट्टीचा फोटो पाठवून इथेही कळवा.

आजींचा फॉर्म आम्ही काउंटरवरच भरला, वीस मिनिटं लागली. मग ताईंनी एका कार्डावर दोन्ही औषधांची नावं मोठ्या अक्षरांत लिहिली: "ऑफ्लॉक्सॅसिन, ऑर्निडॅझोल — यातल्या एकानं किंवा दोन्हींनी ओठावर-हातावर डाग येतात. ही देऊ नका." कंपनीचं नाव लिहिलं नाही, कारण हीच औषधं वेगवेगळ्या नावांनी येतात. एक प्रत आधार कार्डाच्या पाकिटात गेली, एक घरच्या औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवली, आणि डब्यातल्या उरलेल्या तीन गोळ्या त्यांनी माझ्याकडे परत आणून दिल्या.